पाण्याला टेकायला जागा
(पावसाच्या वाटा : भाग ५)

गेल्या आठवड्यात आपण गल्लीतल्या गटारापासून मोठ्या नाल्यापर्यंत आलो. आता पुढचा प्रश्न. गटार साफ आहे, नाल्यातला गाळ मे महिन्यातच काढलाय, तरी जुलैतल्या एखाद्या दुपारी वाशी-बेलापुरात गुडघाभर पाणी का साचतं? उत्तर नाल्याच्या तोंडाशी आहे. तो ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि खाडीला दिवसातून दोनदा भरती येते.

१९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा इथे भातखाचरं, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं होती. शहराचा बराच भाग खाजणात भराव टाकून उभा राहिला. उधाणाला खाडी अशा सखल भागांच्या वर चढते. तेव्हा नाल्यातलं पाणी उतरणार कुठे?

हे कोडं इथल्या शेतकऱ्याने पूर्वीच सोडवलं होतं. खारं पाणी अडवायला त्याने बांध घातला आणि बांधात उघाडी ठेवली. भरतीच्या रेट्याने उघाडीची झडप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना मोटार, ना राखणदार. नवी मुंबईचे धारण तलाव याच तत्त्वावर आखलेत. भरतीत दारं बंद राहतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं; ओहोटीत दारं उघडून तलाव रिकामा होतो.

थोडं गणित करू. १ हेक्टर वस्तीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी, १० हजार लिटरचे ५० टँकर. १ हेक्टरचा तलाव मीटरभर भरला, तर अशा २० हेक्टरांचं पाणी पोटात घेतो. तो गाळाने अर्धा भरला, की १० हेक्टरांचं पाणी रस्त्यावर.

नेमकं हेच झालं. तलावांत गाळ बसला, गाळावर खारफुटी उगवली. खारफुटी तोडायला २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आहे, त्यामुळे गाळ काढणं परवानग्यांत अडकलं. मग ‘झाडं हवीत की कोरडी घरं?’ असा वाद पेटतो. पण गाळ येतो कुठून? बाहेरच्या खाजणात डेब्रिज टाकलं, की भरतीला पसरायला जागा उरत नाही. आत-बाहेर करणारं पाणी कमी होतं, ओहोटीचा जोर मंदावतो आणि जो गाळ समुद्राकडे जायचा तो खाडीच्या फाट्यांत, नाल्यांच्या तोंडाशी बसतो. तलाव उपसायलाच हवेत. पण बाहेरचं खाजण बुजत राहिलं, तर उपसा दरवर्षीचाच.

२०२२ साली रामसर यादीत गेलेली ही खाडी आपण रोहित पक्ष्यांची म्हणून ओळखतो. आपल्या मोरीचं पाणीही तिच्याच भरवशावर आहे.

पुढच्या भागात पंपांबद्दल. तोवर येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, दुपारी बाराच्या सुमारास आपल्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. पाणी कोणत्या दिशेला वाहतंय, ते पाहा.