संकल्पाचे उदक

चैत्र शुद्ध प्रतिपदेस सूर्योदयी अभ्यंगस्नान आटोपते, दाराशी गुढी उभी राहते, आणि कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा व मिरी यांसह वाटून घरातील लहानथोर ती भक्षण करतात. पंचांगाचे पूजन होते, संवत्सरफल वाचले जाते. याच मंगल प्रभाती घरोघरी नव्या वर्षाचे संकल्पही केले जातात. कोणी ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा, कोणी तंबाखू वर्ज्य करण्याचा, कोणी नित्य ज्ञानेश्वरी वाचण्याचा, तर कोणी रोज कोसभर चालण्याचा निश्चय करतो. परंतु अक्षय्य तृतीया येईतो त्यांतील किती संकल्प जिवंत उरतात? कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेण्यास आलेले गृहस्थ आम्हांस वारंवार हेच विचारतात, "बुवा, नेम धरतो, पण टिकत नाही, काय करावे?"

या प्रश्नाचे उत्तर संकल्पाच्या विधीतच आहे, असे आमचे नम्र मत आहे. प्रथम शब्दच पाहावा. ज्या ‘क्लृप्’ धातूपासून ‘संकल्प’ हा शब्द सिद्ध झाला, त्याचा अर्थ समर्थ होणे, जुळून येणे असा आहे. ‘असे झाले तर बरे’ ही इच्छा होय. ती पार पाडण्यास लागणारी जुळवाजुळव आणि सामर्थ्य यांचा विचार ज्यात आहे, तोच संकल्प.

आता विधी पाहू. आचमन व प्राणायाम झाल्यावर यजमान देशकालाचा उच्चार करतो. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर व कलियुग येथून आरंभ होतो. पुढे भरतवर्ष, दंडकारण्य व गोदावरीचे तीर येते. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र. अफाट कालातून उतरत उतरत तो आजच्या वारावर येऊन थांबतो. त्यानंतर स्वतःचे गोत्र, स्वतःचे नाव, आणि अमुक कर्म करीन हे वचन. कोठे, केव्हा, कोणी आणि काय, यांतील एकही गोष्ट मोघम ठेवलेली नाही. ‘यंदा व्यायाम करावा म्हणतो’ या वाक्यात मात्र ना स्थळ आहे, ना वेळ, ना प्रमाण. ते टिकले नाही तर नवल कसले?

विधीच्या शेवटी येणारे ‘करिष्ये’ हे क्रियापदही मननीय आहे. ते आत्मनेपदी आहे. क्रियेचे फल कर्त्याकडेच येते तेव्हा हे पद योजावे, असा पाणिनीचा नियम आहे. शेजाऱ्याने पाहावे, आप्तांनी वाखाणावे, यासाठी केलेल्या निश्चयास हे क्रियापद शोभत नाही. आणि आपल्या मराठीत पूजेचा संकल्प ‘सोडतात’, याचाही नीट बोध व्हावा. सोडावयाचे ते पळीभर उदक, संकल्प नव्हे.

दुसरी गोष्ट अवधीची. आपल्या माताभगिनींचे चातुर्मासाचे नेम पाहा. आषाढ शुद्ध एकादशीस आरंभ, कार्तिक शुद्ध एकादशीस समाप्ती. नेम एकच असतो: एखादी भाजी वर्ज्य करणे, एकभुक्त राहणे किंवा लक्ष वाती करणे. शेवटी उद्यापन होते. जो पदार्थ सोडला त्याचे दान करून मगच तो पुन्हा ग्रहण करावयाचा. नेमाला शेवट दिसतो, म्हणून मन त्याला बिचकत नाही. वर्षप्रतिपदेस मात्र आम्ही एकदम बारा महिन्यांचे ओझे उचलू पाहतो. वास्तविक याच दिवशी चैत्राचे नवरात्र बसते आणि रामनवमीस पूर्ण होते. पहिला संकल्प या नऊ दिवसांचाच करावा. तो पार पडला की अक्षय्य तृतीयेपर्यंतचा, मग आषाढीपर्यंतचा, आणि मग चातुर्मासाचा. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघालेली माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करीतच आमच्या पंढरीस पोहोचते. वारकऱ्याच्या मनात पंढरी असते; पण पाय चालतात ते संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत.

मध्येच नेम मोडला तर? ‘एक दिवस चुकला, आता सारेच संपले’ हा विचार प्रत्यक्ष चुकीपेक्षा अधिक घातक आहे. धर्मशास्त्राने दोषाला प्रायश्चित्त सांगितले आणि अशक्ताला सवलतही दिली. निर्जल एकादशी न झेपणाऱ्याने दूध व फळे घ्यावीत. एकादशी मात्र पाळावी. महामारीमुळे २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी निघाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपुरास आल्या. असंख्य वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हणून एकादशी केली. प्रमाण घटले तरी चालेल, तिथी चुकू नये, हे सूत्र गृहस्थाने ध्यानी ठेवावे. कोसभर चालणे न झाले, तर अंगणात शंभर पावले चालावीत. पण वेळ तीच असावी.

याची एवढी चिंता का, असे कोणी विचारील. वाचकहो, ज्या घरात वडील दर पाडव्यास मुलांसमक्ष तंबाखू सोडतात आणि आठवड्यात पुन्हा चंची उघडतात, त्या घरातील मुले तंबाखूविषयी काही शिकोत वा न शिकोत. बोललेला शब्द पाळावयाचा नसतो, एवढे मात्र निश्चित शिकतात. पुढे तीच मुले देवापुढे हात जोडून बोलतील, तेव्हा त्या बोलण्याला तरी किती वजन उरेल?

शके १९४८ च्या संवत्सराचे नाव ‘पराभव’ आहे. नाव ऐकून काही भाविक धास्तावतात. परंतु साठ संवत्सरांच्या फेऱ्यात हे नाव नेमाने येतेच. शके १८८८ चेही तेच होते. संवत्सराचे नाव काल सांगते, कर्म सांगत नाही. कर्म ‘करिष्ये’ म्हणणाऱ्याच्या हाती आहे. म्हणून सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवाल, तेव्हा घरातील प्रत्येकाने एकच नेम, त्याची वेळ आणि रामनवमीपर्यंतची मुदत देवघरातील पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावी. नवमीस रामजन्माचा सुंठवडा हाती पडेल, तेव्हा ते पान उघडून पाहावे आणि पुढील मुक्काम ठरवावा. श्रीपांडुरंग आपणां सर्वांचे नेम सिद्धीस नेवो.