शिजवलेलं अन्न लुटून काय करणार?
युद्ध आणि मदत : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण नायजेरियातल्या बियाफ्राची कोंडी पाहिली. तिथे सरकारनेच वाटा अडवल्या होत्या. सोमालियात १९९२ साली वाटा अडवायलाही सरकार उरलं नव्हतं. जानेवारी १९९१मध्ये हुकूमशहा सियाद बारे मोगादिशूतून पळाला आणि त्याला हाकलणाऱ्यांमध्येच जुंपली. जनरल मोहम्मद फराह आयदीद आणि अली महदी यांच्या टोळ्यांनी नोव्हेंबरपासून चार महिने राजधानीची चाळण केली.

दुष्काळाने सर्वाधिक बळी घेतले ते मात्र राजधानीपासून दूर, जुब्बा आणि शबेले या नद्यांमधल्या सुपीक पट्ट्यात. बैदोआच्या परिसरातले राहनवेन शेतकरी ज्वारी पिकवतात आणि आपल्याकडे पूर्वी पेवं असत तशीच जमिनीखालच्या खड्ड्यांत साठवतात. एखाद्या वर्षी पाऊस दगा देणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. बारेचं उरलंसुरलं सैन्य आणि त्याचा पाठलाग करणारे आयदीदचे लोक या पट्ट्यातून आलटून पालटून गेले. दोघांनीही खड्डे उपसले, गुरं हाकून नेली. पाऊस कमी झाला होता हे खरं, पण राहनवेन मेले ते साठवणीचं धान्य लुटलं गेल्यामुळे. म्हणून या आपत्तीला निसर्गाचा कोप म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

धान्य दुर्मिळ झालं की त्याचा भाव पैशासारखा चालतो. पगार न मिळणाऱ्या बंदूकधारी पोरांना पोसायला म्होरक्यांकडे दुसरं काही नव्हतं. बंदरात पोती उतरवायचे पैसे, विमान उतरवायचे पैसे, ट्रकचं भाडं, रखवालदारांचा रोज हे सगळं मदत संस्थांकडूनच वसूल होई. मग त्याच पैशांतून आणखी काडतुसं येत. शस्त्रं जवळ बाळगायची नाहीत, हा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा कायमचा दंडक. सोमालियात त्यांनाही तो मोडून सशस्त्र पहारेकरी ठेवावे लागले.

रेडक्रॉसने आणि सोमाली रेड क्रेसेंटच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी यावर काढलेला तोडगा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांनी कोरडं धान्य वाटण्याऐवजी गावोगावी स्वयंपाकघरं उघडली. मोठ्या पातेल्यांत तांदूळ आणि कडधान्य शिजवायचं, वर तेल घालायचं आणि येईल त्याला तिथल्या तिथे वाढायचं. पातेल्यापाशी असत सोमाली बायका. तांदळाचं पोतं पळवलं तर बाजारात विकता येतं. शिजलेला भात पळवून काय करणार? तो आज खाल्ला नाही तर उद्या नासतो. शिवाय गावातच जेवण मिळालं तर माणसं छावण्यांकडे लोटत नाहीत. हा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण बैदोआच्या छावण्यांत मुलं मेली ती मुख्यतः गोवर आणि अतिसाराने. उपासमारीने खंगलेल्या, दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांत या आजारांना आवर घालता येत नाही. मोगादिशूच्या बंदरावर विसंबून न राहता रेडक्रॉसने किनाऱ्यावर ठिकठिकाणी माल उतरवला. अशी नऊशेच्या आसपास स्वयंपाकघरं दहा लाखांहून अधिक लोकांना जेवू घालत होती. दुसरा उपाय होता काही धान्य व्यापाऱ्यांना विकून बाजारभाव पाडण्याचा. स्वस्त झालेल्या धान्यासाठी गोळी झाडायला कोण जातो?

संयुक्त राष्ट्रं मात्र चाचपडत होती. त्यांचे प्रतिनिधी, अल्जीरियाचे मुत्सद्दी मोहम्मद सहनून टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांशी बोलून एकेक वाट मोकळी करत होते. संघटनेच्या दिरंगाईवर जाहीर टीका केल्यावर वरिष्ठांशी त्यांचं बिनसलं आणि ऑक्टोबर १९९२मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरात आलेले पाचशे पाकिस्तानी शांतिसैनिक विमानतळावरच अडकून पडले होते. शेवटी ९ डिसेंबरच्या पहाटे टीव्ही कॅमेऱ्यांच्या झोतात अमेरिकी मरीन मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरले. तोवर बैदोआतली मृत्यूची लाट ओसरूही लागली होती. एकूण बळींचे अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत जातात.

या फौजेने रस्ते मोकळे केले, ट्रक सुखरूप पोचू लागले, हे तिचं श्रेय. पण टोळ्यांची शस्त्रं गोळा करायला अमेरिका तयार नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांचा आग्रह तोच होता. मे १९९३मध्ये अमेरिकेने कारभार संयुक्त राष्ट्रांच्या हाती दिला आणि न केलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं. ५ जून रोजी आयदीदचा शस्त्रसाठा तपासायला गेलेल्या पाकिस्तानी तुकडीवर आणि शहरात इतरत्रही हल्ले झाले. २४ शांतिसैनिक मारले गेले. त्यांतले काही अन्नवाटपाच्या केंद्रावर पहाऱ्याला होते. त्यानंतर सगळं लक्ष आयदीदला पकडण्यावर गेलं. जेवण देणारा आणि घरांवर हेलिकॉप्टरमधून मारा करणारा, दोघांचा झेंडा एकच झाला. याच पाठलागात ३ ऑक्टोबरला झालेल्या लढाईत १८ अमेरिकी सैनिक आणि शेकडो सोमाली ठार झाले.

त्या वेळी बैदोआत भारतीय सैन्याची ६६वी ब्रिगेड होती. जवानांनी विहिरी खणल्या, लष्करी डॉक्टरांनी माणसांना तपासलं आणि गुरांवरही इलाज केले. पशुपालकांच्या देशात गुरं जगवणं म्हणजे घर जगवणं, हे त्यांनी ओळखलं होतं. तरीही ऑगस्ट १९९४मध्ये एका हल्ल्यात सात जवान आणि काही दिवसांतच बैदोआत तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. मार्च १९९५मध्ये शेवटचे शांतिसैनिक सोमालियातून निघाले.

अमेरिका त्याआधीच, मार्च १९९४पर्यंत परतली होती. पुढच्याच महिन्यात रुआंडात वंशसंहार सुरू झाला आणि सोमालियाने पोळलेल्या सुरक्षा परिषदेने तिथलं शांतिसैन्य वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणायचा ठराव २१ एप्रिलला मंजूर केला. पुढच्या लेखात त्या ठरावाविषयी.