खेळ घडवायचं शिक्षण

गोराईच्या एस्सेलवर्ल्डला १९८९ ते २०२२ पर्यंत अख्खी मुंबई खेळायला यायची. आता खेळ मोबाइलवर आहेत, आणि ते घडवायला शिकायचं तर गोराईच्या मुलांना खाडी ओलांडावी लागते.

जवळचं नाव पवईचं. आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र १९६९चं. तिथे अ‍ॅनिमेशन आणि इंटरॅक्शन डिझाइन शिकवतात. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून 'युसीड', पदवीनंतर 'सीड' ही प्रवेशपरीक्षा. केंद्र सरकारच्या नव्या 'आयआयसीटी' या सर्जनशील तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेचं पहिलं संकुल जुलै २०२५मध्ये पेडर रोडला सुरू झालं. कायमचं गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हायचं आहे.

शिकवतात काय? दिवसभर खेळणं नव्हे, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं! सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी संगणकाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात उडी, टक्कर, सावली, आवाज सगळं बसवायचं. म्हणून सदिश आणि मॅट्रिक्सचं गणित येतं. खेळ बांधायच्या इंजिनांपैकी युनिटीसाठी सी-शार्प, अनरीअलसाठी सी-प्लस-प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. सोबत चित्रकला, कथा, ध्वनी. शिवाय अनोळखी माणसाच्या हाती अर्धवट खेळ देऊन तो कुठे अडतो ते गप्प बसून पाहायचं, आणि हेच सर्वांत कठीण.

चिकाटीही लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ २०२०मध्ये आणला. २०१७ची किकस्टार्टरवरची पैसे उभारायची मोहीम फसूनही ही मंडळी हटली नव्हती.

प्रवेश घेण्यापूर्वी एकच विचारा: तिथल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेला खेळ खेळायला मिळेल का? नाही म्हणाले, तर फी भरू नका.