बऱ्हाणपूरचा सोमवार

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेखही आहे. मशीद बांधवली खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अलीखानाने. संस्कृत लेखातला काळ एखाद्या ज्योतिषाने सांगावा तसा नेमका आहे: विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमीला लागून आलेली एकादशी, सोमवार. अभ्यासकांच्या हिशेबाने तो दिवस ५ जानेवारी १५९०. (शकात सरळ ७८ मिळवणारा १५८९ वरच थांबतो. तो पौष नव्या इसवी सनात शिरला होता.)

एका स्क्रिप्टिंग भाषेतला कोड दुसरीत नेणाऱ्याने ही तारीख हाताशी ठेवावी.

जावास्क्रिप्टमधलं काम पायथनमध्ये नेणं हल्ली रोजचंच झालंय. महिरपी कंस काढायचे, ओळी आत सरकवायच्या, अर्धविराम गाळायचे. एआयला सांगितलं तर तो हे क्षणात करून देतो. अडचण असते ती आकड्यांच्या अर्थात. दोन्ही भाषांना १५९०, १, ५ असे तीन आकडे द्या आणि वार विचारा. पायथन उत्तर देतं ४, जावास्क्रिप्ट १. पायथन सोमवारला शून्य धरतं, तेव्हा ४ म्हणजे शुक्रवार. जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य, म्हणून १ म्हणजे सोमवार. शिलालेखातही सोमवारच! मग पायथन चुकलं म्हणायचं?

नाही. जावास्क्रिप्ट महिनेही शून्यापासून मोजतं. त्याने वार सांगितला तो ५ फेब्रुवारीचा. आणि पायथनला आपण तारीखच वेगळ्या दिनदर्शिकेतली दिली. भारतीय लेखांच्या तारखा अभ्यासक पुष्कळदा जुन्या ज्युलियन पद्धतीने देतात, ही तशीच आहे. दोन्ही भाषा मात्र १५८२ साली आलेली ग्रेगोरियन पद्धतच मागेपर्यंत ताणतात. त्या काळी फरक दहा दिवसांचा होता, म्हणजे खरी ग्रेगोरियन तारीख १५ जानेवारी. तिथपासून ५ फेब्रुवारीपर्यंत बरोबर २१ दिवस, तीन आठवडे. दोन चुका एकमेकींना अशा झाकतात की तपासणारा खूश होऊन पुढे जातो. न चालणारा कोड मला यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. तो निदान ओरडतो तरी.

उलट दिशेने नेतानाही असाच खड्डा आहे. रविवारपासूनचा वारक्रमांक सोमवारपासूनचा करायचा, तर एक वजा करून सातने भागल्यावरची बाकी घ्यायची. पायथनमध्ये रविवारी ती ६ येते. तीच ओळ जावास्क्रिप्टमध्ये वजा एक देते, कारण तिथे बाकीचं चिन्ह भाज्याप्रमाणे राहतं. आठवड्यातले सहा दिवस सगळं सुरळीत चालतं. चाचणी कार्यालयीन दिवशी त्या दिवसाचीच तारीख घालून केली असेल, तर चूक रविवारी गिऱ्हाइकालाच सापडणार!

तेव्हा जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी चालवा, आणि मुद्दाम अडचणीच्या तारखा द्या: रविवार, ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, १ जानेवारी, आणि बऱ्हाणपूरची ही. पायथनला १५९०, १, १५ आणि जावास्क्रिप्टला १५९०, ०, १५ दिलं, की दोघांकडून सोमवार मिळतो: एकाचा शून्य, दुसऱ्याचा १.