नाईलचं पाणी आणि चिठ्ठ्यांचा खेळ

कैरोच्या रोडा बेटावर इ.स. ८६१ मध्ये बांधलेला नाईलमापक आजही उभा आहे. खांबावरच्या खुणांवरून पुराची उंची कळायची आणि त्यावर शेतसारा ठरायचा. कैरोतल्या अशा शेकडो वर्षांच्या नोंदी पुढे धरणाच्या हिशेबात कामी आल्या.

प्रश्न साधा आहे: धरण किती मोठं बांधायचं? पुढच्या शंभर वर्षांचं पाणी कुणाला ठाऊक? म्हणून संगणकावर काल्पनिक वर्षं तयार करून धरण चालवून बघतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

सोपा मार्ग म्हणजे जुने आकडे चिठ्ठ्यांवर लिहून एकेक उचलायचा. सरासरी बरोबर येते, पण क्रम हरवतो. नदीत मात्र कमी पाण्याच्या वर्षामागून बऱ्याचदा कमी पाण्याचंच वर्ष येतं. हे विसरलं तर धरण लहान पडतं आणि शेतं कोरडी राहतात.

म्हणून लागोपाठच्या वर्षांचा संबंध नोंदींतून काढतात. समजा सरासरी १००, संबंध ०.५ आणि यंदाचं पाणी ८०. तूट २०, तिची निम्मी १०. म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज ९०. त्यात नशिबाचा चढउतार मिसळायचा, तोही नोंदींतूनच मोजून.

मग पडताळा घ्यायचा: सरासरी, चढउतार आणि सलग दुष्काळ खऱ्या नोंदींशी जुळतात का? १९५१ मध्ये हॅरोल्ड हर्स्ट यांनी नाईलच्या अभ्यासातून दाखवलं, की चांगल्या-वाईट वर्षांची साखळी वाटते त्यापेक्षा लांब चालते. तेव्हा एका वर्षाचा संबंध पुरत नाही.

मुलांना मी एवढंच सांगते: सरासरी काढा, पण क्रमही बघा.