घोड-कुकडी खोऱ्यातील चढणीचे मासे : स्थलांतराच्या बदलत्या वेळेचा अभ्यास

पावसाळ्याच्या प्रारंभी नदीस पहिला लोंढा आला की, अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. यास वलगण म्हणतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुकडी, मीना व घोड या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांत या चढणीची वेळ बदलत असल्यास तिचे कारण कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थलांतरामागे दोन टप्पे असतात. वाढता दिवस व तापमान यांमुळे अंडाशय पक्व होते. अंडी सोडण्यास मात्र नव्या पाण्याचा संकेत लागतो. साठलेल्या पाण्यात पक्व होऊनही अंडी न घालणाऱ्या कार्प माशांचे प्रजनन डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून घडविले. या संकेताचे महत्त्व त्यावरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील बोनव्हिल धरणावर १९३८ पासून सामन माशांची गणना होते. तेथील सॉकाय सामन १९४० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे दहा दिवस लवकर चढू लागल्याचे त्यावरूनच कळले. २०११ मधील अभ्यासानुसार, या बदलाच्या दोन-तृतीयांशापर्यंतचा भाग उष्ण पाण्यामुळे झालेल्या नैसर्गिक निवडीने, तर उर्वरित बहुतांश भाग जूनमधील प्रवाहाने स्पष्ट होतो.

आपल्याकडे असा तुलनेचा आधार घोड नदीवरील डिंभे धरण देते. धरणाच्या वर लोंढा पावसाबरोबर येतो. खाली मात्र तो जलाशयात अडून राहतो व विसर्गानुसार सुटतो. दोन्हीकडे चढण सारखीच पुढे-मागे झाली, तर कारण पाऊस वा तापमानात शोधावे. केवळ खालीच झाली, तर धरणात. मात्र खालच्या ओढ्यांचे पाणी स्वतंत्रपणे मोजावे लागेल. केवळ मासेमारीच्या तारखा पुरेशा नाहीत; लोक पाऊस पाहूनच जाळे टाकतात. म्हणून मे ते सप्टेंबर ठरलेल्या जागी, त्याच जाळ्याने व तितकाच वेळ नमुने घेऊन पाण्याची पातळी, तापमान, गढूळपणा व अंडाशयाची अवस्था नोंदविणे आवश्यक आहे.

उपाय कारणावर अवलंबून आहे. पाऊस कारण असेल, तर अंडीधारी माशांचे संरक्षण दिनदर्शिकेऐवजी पहिल्या लोंढ्यास जोडावे लागेल. धरण असेल, तर विसर्गाच्या वेळेचा विचार करावा लागेल. जुन्नर, मंचर व घोडेगाव येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व भूगोल विभागांनी ही नोंद संयुक्तपणे सुरू केल्यास पुढील पिढीच्या अभ्यासकांस अनुमानाऐवजी आधार मिळेल.