काचपट्टीवरचे तापमान

वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. मे महिन्यात येथे दुपारचा पारा सहज चाळिशी ओलांडतो, तर थंडीत पहाटे तो पंधराच्याही खाली जातो. एकाच डबक्यातील पॅरामेशियम या दोन ऋतूंत सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसेल का?

नाही. पॅरामेशियमची संकोची रिक्तिका पेशीत शिरलेले जादा पाणी बाहेर फेकते. ठरावीक मर्यादेत तापमान वाढले, की तिची आकुंचने जलद होतात. पेशीतील बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंश सेल्सिअसला साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे तापमानाची नोंद नसेल, तर मोजलेला आकडा अपुराच.

काचपट्टीवर तापमान बदलते कशामुळे? दिव्याच्या उष्णतेने थेंब तापतो. आच्छादन काचेच्या कडेने पाणी उडून जाते, तेव्हा तो निवतो आणि त्यातील क्षारही दाट होतात. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. तेल वापरायचे वस्तुभिंग तेलाच्या थेंबातून नमुन्याला जोडलेले असते. त्याचे धातूचे नळकांडे नमुन्यातील उष्णता ओढून घेते. म्हणून प्रयोगशाळेत केवळ मंच तापवून भागत नाही, वस्तुभिंगाभोवतीही तापणारे कडे बसवतात.

ही काळजी किती मोलाची? ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानलिका-बालिका जन्मली. अशा उपचारात स्त्रीबीज शरीराबाहेर हाताळावे लागते. त्यातील गुणसूत्रांना जागेवर धरणारे तर्कुतंतू नुसत्या खोलीच्या तापमानालाही काही मिनिटांत विस्कटू लागतात. पुन्हा ऊब दिली तरी ते नीट जुळतीलच असे नाही, आणि मग गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. म्हणूनच आज अशा सूक्ष्मदर्शकांचा मंच ३७ अंशांच्या आसपास राखतात.

शाळेत तापता मंच नसतो. माठाच्या पाण्यात गार केलेली काचपट्टीही मंचावर ठेवताच झपाट्याने खोलीइतकी गरम होते. तेव्हा खोलीलाच तापनियंत्रक माना! सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता बरणीतील पाण्याचे तापमान नोंदवा. कापसाच्या तंतूंत अडकलेले पॅरामेशियम शोधून लागोपाठच्या दोन आकुंचनांमधील सेकंद मोजा. निदान पाच पेशींची सरासरी काढा. आरशाने आकाशाचा उजेड घ्या, थेट सूर्यकिरण कधीही नको. डोळ्यांना इजा होईल, शिवाय नमुनाही तापेल.